काचेतून येणारे ऊन : किती हिताचे, किती घाताचे?

डिसेंबर उजाडला की चंडीगडमध्ये उन्हाला सोन्याचा भाव येतो. सकाळी दहा-दहा वाजेपर्यंत धुके हटत नाही. ते हटले की सेक्टरा-सेक्टरांतल्या बागा, गच्च्या आणि अंगणे माणसांनी फुलून जातात. खाट टाकून, भुईमुगाच्या शेंगा आणि रेवड्या पुढ्यात घेऊन तास-दोन तास उन्हात पाठ शेकायची, ही इथली जुनी रीत. पण आता अंगण असलेले घर सर्वांच्या वाट्याला येत नाही. फ्लॅटच्या बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या लागल्या आहेत. घरातल्या आजीबाई गुडघ्यांना तेल चोळून त्या काचेआड बसतात. वारा लागत नाही, धूळ येत नाही आणि ऊन तर भरपूर. सून निर्धास्त असते, "रोज दोन तास उन्हात बसतात, हाडांना चांगले."

काही महिन्यांनी तपासणी होते आणि अहवालात ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेले दिसते. घरातले चक्रावतात. एवढे ऊन गेले कुठे?

ऊन कुठेच गेले नाही. त्यातला हाडांना हवा असलेला हिस्सा तेवढा काचेने बाहेर अडवून ठेवला. आणि जो हिस्सा त्वचेला सुरकुत्या पाडतो, डाग आणतो, त्यातला बराचसा मात्र आत येऊ दिला.

काच कोणाला अडवते?

सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणाऱ्या जांभळ्या रंगाच्या पलीकडे न दिसणारे किरण असतात, हे जर्मनीच्या योहान रिटर यांनी १८०१ मध्ये दाखवून दिले. यांनाच आपण अतिनील किरण म्हणतो. त्यांचे तीन गट आहेत. ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे 'ए', २८० ते ३१५ चे 'बी' आणि त्याहून आखूड ते 'सी'. 'सी' किरण सर्वांत घातक, पण वातावरण त्यांना जमिनीपर्यंत पोहोचूच देत नाही. 'बी' किरणांचा बराचसा भाग ओझोनचा थर गिळतो, थोडे खाली येतात. 'ए' किरण मात्र जवळजवळ बिनबोभाट येतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत त्यांचाच भरणा मोठा.

आता खिडकीची साधी काच घ्या. वाळू, सोडा आणि चुना यांपासून बनणारी ही काच ३१५ नॅनोमीटरच्या खालचे किरण जवळपास पूर्ण शोषून घेते. म्हणजे 'बी' गट बाहेरच राहिला. 'ए' गटातले मात्र निम्म्याहून अधिक किरण आत येतात. काच किती जाड आहे, तिच्यात लोहाचा अंश किती आहे, तिला रंग किंवा लेप दिला आहे का, यावर हे प्रमाण कमी-जास्त होते.

शुद्ध क्वार्ट्झची गोष्ट वेगळी. तिच्यातून सर्वच अतिनील किरण सुखाने पार होतात. म्हणूनच पाणी जंतुमुक्त करणाऱ्या अतिनील दिव्याची नळी क्वार्ट्झची किंवा तशाच खास काचेची असते. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटमध्येही पाऱ्याच्या वाफेतून असेच तीव्र किरण निघतात. आतला पांढरा लेप त्यांचे उजेडात रूपांतर करतो आणि जे उरतात त्यांना नळीची काच अडवते. काचेने हे काम इमानेइतबारे केले म्हणून तर इतकी वर्षे आपण ट्यूबखाली बिनघोर बसलो!

हाडे आणि ऊन

त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. त्याच्यावर 'बी' किरण पडले की ड जीवनसत्त्वाची पहिली पायरी तयार होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाच्या रूपात आणतात. हे जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून पुरेसे शोषलेच जात नाही. मग लहान मुलांना मुडदूस होतो, त्यांचे पाय धनुष्यासारखे वाकतात. मोठ्या माणसांची हाडे मऊ पडतात, कंबर आणि मांड्या ठणकतात, जिना चढणे जिवावर येते.

बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या हिवाळ्यात मुडदूस झालेल्या मुलांना क्वार्ट्झच्या दिव्याखाली बसवून बरे केले होते. नुसत्या उजेडाने हाडे सुधारतात हे त्यातून पक्के झाले. मग साहजिकच प्रश्न आला, शाळा आणि इस्पितळांच्या खिडक्यांतून हे किरण का येऊ देऊ नयेत? १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये 'व्हिटा ग्लास' नावाची खास काच निघाली, तिच्यातून 'बी' किरणही काही प्रमाणात आत येत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातही ती बसवली होती. पण काच महाग, त्यात लंडनच्या धुराने काळवंडणारी. पुढे ती मागे पडली. खिडकी उघडणे त्याहून स्वस्त होते, हेही एक कारण असावे.

आपल्याकडे 'एवढे ऊन असताना हे रोग कसले?' असे म्हणण्याची पद्धत आहे. पण १९३० च्या सुमारास डॉ. डॅगमार कर्जल विल्सन यांनी कांगडा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंडीगडहून काही तासांच्या अंतरावर, स्त्रियांमधील हाडे मऊ होण्याचा आणि मुलींमधील मुडदुसाचा अभ्यास केला होता. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ मध्ये पडदा पद्धतीचा बाळंतपणावर होणारा परिणाम यावर पुस्तकच लिहिले. उजेडाविना राहिलेल्या मुलींची कटीची हाडे वाकडी होतात आणि प्रसूतीच्या वेळी त्यांचा जीव धोक्यात येतो, हे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा पडदा कापडाचा होता. आजचा पडदा काचेचा आहे आणि तो आरपार दिसतो, म्हणून तो पडदा आहे हेच ध्यानात येत नाही.

दिल्लीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या अभ्यासात वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसांमध्येही ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता आढळली. २००२ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिल्लीच्या मोरी गेट या प्रदूषित भागातली बाळे आणि तेव्हाच्या मोकळ्या गुडगावमधली बाळे यांची तुलना केली गेली. मोरी गेटच्या बाळांच्या रक्तात हे जीवनसत्त्व निम्म्याहूनही कमी होते. धूर आणि धुके हेही 'बी' किरणांना अडवतातच. चंडीगडच्या हिवाळ्यात तर ही दोन्ही दारात उभी असतात.

सावली मोजून पाहा

आपल्याकडे कोवळ्या उन्हाचे मोठे कौतुक. बाळाला न्हाऊमाखू घालून सकाळी सातच्या उन्हात धरायचे, असे सगळ्या आज्या सांगतात. ते ऊन सुखाचे असते हे खरे, पण हाडांच्या हिशेबात ते फारसे भरत नाही. सूर्य खाली असताना किरणांना वातावरणातून तिरका, लांबचा प्रवास करावा लागतो आणि त्या वाटेवर 'बी' किरण गळून जातात.

एक सोपी खूण आहे. उन्हात उभे राहून आपली सावली पाहा. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर 'बी' किरण बऱ्यापैकी मिळत आहेत. सावली उंचीहून लांब असेल तर फार कमी. आता गंमत पाहा. चंडीगड साधारण पावणेएकतीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सूर्य सर्वांत वर असतो त्या साडेबाराच्या सुमारासही, पाच फूट उंचीच्या बाईंची सावली जवळजवळ सात फूट पडते. त्याच दिवशी मुंबईत त्याच बाईंची सावली भरते साडेचार फुटांच्या थोडी वर. म्हणजे बदलीच्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून उत्तरेत गेलेल्या कुटुंबाने तिकडच्या हिवाळ्यात इकडचाच उन्हाचा हिशेब धरून चालणार नाही. उलट जूनमध्ये चंडीगडची भरदुपारची सावली जेमतेम वीतभर. त्या उन्हात काही मिनिटेही पुष्कळ होतात.

थंडीत मग करायचे काय? अकरा ते दोनच्या दरम्यान काच सरकवून, हात, पोटऱ्या, जमल्यास पाठ उघडी ठेवून बसायचे. शाल, स्वेटर आणि पायमोजे घालून बाहेर बसले तर तेही काचेआड बसण्यासारखेच. सावळ्या त्वचेतले रंगद्रव्य हे किरण अडवते, त्यामुळे आपल्या लोकांना गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. बाकीची भर आहारातून आणि औषधातून घालावी लागते. आता '+एफ' अशी खूण असलेल्या दुधात आणि तेलात ड जीवनसत्त्व मिसळलेले असते. ज्यांचे प्रमाण फारच खाली गेले आहे त्यांना डॉक्टर पुड्या किंवा गोळ्या देतात. पण शेजारणीला दिल्या म्हणून आपणही दर आठवड्याला पुडी घ्यायची, वर इंजेक्शनही टोचून घ्यायचे, हा प्रकार धोक्याचा आहे. हे जीवनसत्त्व अंगात साठते. फाजील झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, मूत्रपिंडाचे विकार असे त्रास होतात.

नवजात बाळाच्या काविळीत मात्र काचेचा हिशेब उलटा आहे. कावीळ उतरवणारा प्रकाश अतिनील नसून निळा असतो आणि निळा प्रकाश काचेतून सरळ येतो. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इस्पितळात १९५० च्या दशकात जीन वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना उन्हात नेत असत. ऊन लागलेल्या जागची त्वचा कमी पिवळी दिसते हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून आजची प्रकाशचिकित्सा निघाली. पण खिडकीतल्या उन्हाला माप नसते आणि उघडे बाळ थंडीत गारठते. तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, बाळ दूध ओढेनासे झाले, तर खिडकीपाशी वेळ न घालवता त्याला इस्पितळात न्यावे.

गालाची एक बाजू

'ए' किरणांचा मारा वेगळ्या जातीचा. 'बी' किरण वरच्या थरावर पडतात, त्वचा भाजते, लाल होते, म्हणजे निदान कळते तरी. 'ए' किरण त्वचेत खोल उतरतात, आग होत नाही की दुखत नाही. वर्षानुवर्षे ते त्वचेला ताण देणारे तंतू मोडत राहतात.

एप्रिल २०१२ मध्ये एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका गृहस्थांचे छायाचित्र छापून आले. २८ वर्षे ते मालवाहू गाडी चालवत होते. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी आणि डावी बाजू जाड, खोल घड्या पडलेली, जणू वीस वर्षांनी म्हातारी. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून खिडकीच्या काचेतून आलेले ऊन त्या बाजूने खाल्ले होते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपल्या चालकांचा उजवा गाल आणि खिडकीच्या कडेवर टेकलेला उजवा कोपर न्याहाळून पाहावा.

गाडीच्या सगळ्या काचा सारख्या नसतात. समोरची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून जोडलेली असते, अपघातात तिचे तुकडे उडू नयेत म्हणून. तो पापुद्रा 'ए' किरणही अडवतो. बाजूच्या काचा साधारणपणे एकेरी, कडक केलेल्या असतात. अमेरिकेत १५ कंपन्यांच्या २९ गाड्या तपासल्या, तेव्हा समोरच्या काचा सरासरी ९६ टक्के 'ए' किरण अडवत होत्या आणि बाजूच्या सरासरी ७१ टक्के. एका गाडीत तर बाजूची काच केवळ ४४ टक्केच अडवत होती. हे निष्कर्ष २०१६ चे आहेत. पंजाब-हरियाणाच्या महामार्गांवरचे ट्रकचालक आजवर खिडकी उघडी टाकून चालले, त्यांना दोन्ही प्रकारचे किरण मिळाले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. घाम वाचेल, पण बंद काचेतून येणाऱ्या 'ए' किरणांची सोबत सुटणार नाही. लांब बाह्यांचा सदरा तिथेही हवाच.

'मग काचेला काळी फिल्म लावू' हा विचार मनात येतो, तो जपून करावा. योगायोग असा, की ते छायाचित्र छापून आले त्याच महिन्यात, २७ एप्रिल २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर कोणतीही फिल्म चिकटवण्यास मनाई केली. कारण आरोग्याचे नव्हते, काळ्या काचेआड होणाऱ्या गुन्ह्यांचे होते. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा, हा नियम आहे. पुढे नियमांत बदल झाले आणि त्यांच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या मर्यादेतल्या फिल्मला हरकत नाही असे म्हटले. तरी फिल्म लावण्याआधी आपल्या शहरातल्या वाहतूक पोलिसांकडे चौकशी केलेली बरी. शिवाय काळेपणाचा आणि अतिनील किरण अडवण्याचा संबंध नाही. पाण्यासारखी स्वच्छ फिल्म हे किरण जवळजवळ पूर्ण अडवू शकते आणि एखादी काळीकुट्ट स्वस्त फिल्म नुसता अंधार करते. काळ्या चष्म्याचेही तेच. फुटपाथवरच्या स्वस्त काळ्या चष्म्याने उजेड कमी होतो, बाहुली मोठी होते आणि किरण अडवणारा गुण नसेल तर ते आत जास्तच शिरतात. '४००' अशी खूण असलेला चष्मा रंगाने फिका असला तरी चालतो.

वांग, बावची आणि गाजरगवत

भारतीय त्वचेला उन्हामुळे होणारा कर्करोग गोऱ्यांच्या मानाने खूपच कमी होतो, हे आपले भाग्य. पण डागांच्या बाबतीत आपण कमनशिबी. गालांवर, कपाळावर येणारे वांग 'ए' किरणांनी आणि साध्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात. "मी तर घराबाहेरच पडत नाही" असे सांगणारी गृहिणी ओट्यासमोरच्या खिडकीत रोज दोन-तीन तास उभी असते, हे कुणी विचारातच घेत नाही. मलम घेताना लोक नुसता 'एसपीएफ'चा आकडा पाहतात. तो मुख्यतः भाजण्यापासूनचे संरक्षण सांगतो. 'ए' किरणांसाठी वेष्टनावर 'पीए' आणि त्यापुढची अधिक-चिन्हे पाहावीत. वांगासाठी त्वचेच्या रंगाचे, लोहाचे ऑक्साइड असलेले मलम जास्त उपयोगी, कारण ते दिसणारा उजेडही अडवते.

कोडावर बावचीचा उपयोग आपल्याकडे फार जुना. तिच्या बियांतले सोरालेन 'ए' किरण मिळाले की कामाला लागते. आजही डॉक्टर सोरालेनची गोळी देऊन ठरावीक वेळाने ठरावीक मिनिटे उन्हात बसायला सांगतात. पण गोळीचा अंमल त्या मिनिटांपुरता नसतो. उरलेला दिवस रुग्ण बसच्या खिडकीशी बसला, तर काचेतून येणारे 'ए' किरण आपले काम चालूच ठेवतात. त्वचा भाजू शकते, डोळ्यांनाही धोका असतो. अशा रुग्णांनी गोळी घेतलेल्या दिवशी घरातही, खिडकीपाशी असताना, सांगितलेला चष्मा काढू नये. ल्युपसच्या रुग्णांना आणि डॉक्सिसायक्लिन, ॲमियोडेरोन यांसारखी औषधे चालू असलेल्यांनाही ही काळजी लागू आहे.

आणखी एका विकाराचा पुण्याशी नि चंडीगडशी सारखाच संबंध आहे. गाजरगवत १९५५ च्या सुमारास प्रथम पुण्यात दिसले आणि तिथून देशभर पसरले. त्याच्या संपर्काने उठणाऱ्या त्वचाविकाराची नोंद १९७४ मध्ये पुण्यातल्याच रुग्णांवरून झाली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या चंडीगडच्या पीजीआयमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या विकारावर पुढे वर्षानुवर्षे काम केले. यातल्या काही रुग्णांची त्वचा उजेडालाच वैरी मानू लागते. खाज असह्य होते, चेहऱ्याची कातडी जाड होते. अशा माणसाला 'घरात बसा' एवढे सांगून भागत नाही. त्याचा पलंग खिडकीपासून दूर न्यावा लागतो, जाड पडदे लावावे लागतात.

सूर्यरोधकांचे शहर

या गावात काचेचा आणि उन्हाचा विचार पूर्वीच झाला होता, हेही सांगायला हवे. ल कॉर्बुझिए १९५१ मध्ये चंडीगडच्या कामावर आले, तेव्हा काचेचा एक कडू अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १९३३ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी बेघरांसाठी एक वसतिगृह बांधले, त्याची दर्शनी भिंत पूर्ण काचेची आणि बंद. थंडीत ठीक, पण उन्हाळ्यात आतली माणसे आणि पाळणाघरातली मुले उकडून निघाली. पुढे खिडक्या उघडत्या कराव्या लागल्या आणि महायुद्धानंतर त्या इमारतीला बाहेरून सूर्यरोधक बसवले गेले. चंडीगडच्या उच्च न्यायालयावर आणि अडीचशे मीटर लांबीच्या सचिवालयावर हे काँक्रीटचे खोल कप्पे पहिल्यापासूनच आहेत. उन्हाळ्यातले डोक्यावरचे ऊन ते अडवतात आणि हिवाळ्यातले तिरके ऊन आत येऊ देतात. उद्देश उष्णता टाळण्याचा, पण थेट येणारे अतिनील किरणही आपोआप कमी होतात. थेट म्हणायचे कारण असे, की या किरणांचा मोठा भाग आकाशातून विखुरलेला येतो. उत्तरेकडच्या, कधीच ऊन न येणाऱ्या खिडकीतूनही तो येत राहतो. २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या या इमारतींपासून काही मैलांवर आज काचेने मढवलेली कार्यालये आणि मॉल उभे आहेत. गौरव जुन्याचा आणि अनुकरण भलत्याचे, ही आपली जुनी खोड.

सेक्टर १० मधल्या सरकारी वस्तुसंग्रहालयात लाहोर संग्रहालयातून फाळणीनंतर वाटणीत आलेली शिल्पे आणि चित्रे आहेत. तिथली पहाडी लघुचित्रे कागदावरची. अशा चित्रांसाठी जगभरचे जाणकार ५० लक्सहून अधिक उजेड देत नाहीत आणि प्रकाशातले अतिनील किरण गाळून घेतात, नाहीतर रंग उडतात. उडालेला रंग पुन्हा येत नाही.

घरच्या खिडकीतून किती किरण येतात हे पाहायला यंत्राची गरज नाही. सोफ्याच्या पाठीवर वर्षभर टाकलेली चादर उचलून खालचे कापड पाहावे, किंवा काचेच्या कपाटात घडी करून ठेवलेली पैठणी उलगडावी. घडीच्या कडेचा रंग आणि आतला रंग यांत फरक दिसत असेल, तर त्या खिडकीसमोरची रोजची खुर्ची दोन-तीन हात आत सरकवावी, जाड सुती पडदा लावावा किंवा काच बदलताना दुहेरी, मध्ये पापुद्रा असलेली काच मागावी. साध्या एकेरी काचेपेक्षा ती महाग पडते. आजीबाईंची खुर्ची मात्र तिथेच राहू द्यावी आणि दुपारी बाराला उठून काच तेवढी उघडावी.